दादा पुढे आहे

पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून मी दादाची वाट बघत उभा होतो. उजाडलं, दूधवाले गेले, पळायला येणारी मंडळी घाम पुसत घरी परतली, तरी दादाचा पत्ता नाही. वाट बघण्याचा मला तसा सराव आहे. लहानपणापासून दादा पुढे आणि मी मागे, म्हणून बाबांनी माझं नावच शेपूट ठेवलं होतं. आता माझे केस पिकले, लोकांना चष्मे करून देता देता माझ्याच नाकावर जाड भिंगं आली, पण घरात मी अजून शेपूटच.

ही टूम बाबांची. आम्ही शाळेत असताना सुट्टी लागली की ते आम्हा दोघांना सायकलवर घेऊन निघायचे, नदीच्या काठाकाठानं, नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत. आता बाबा अंथरुणाला खिळलेत. पडल्यापासून कमरेखालचं अंग त्यांचं ऐकत नाही. त्यांना कुशीवर वळवणं, पुसून घेणं, भरवणं हे माझ्याकडे आणि बायकोकडे. त्यांची चौकशी करणं दादाकडे. तो राहतो नदीच्या मुखाशी, समुद्राकाठच्या शहरात. मागच्या आठवड्यात तो तिथून गाडी काढून तासाभरासाठी आला, तेव्हा बाबांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "एकदा दोघं मिळून नदीकाठानं जाऊन या. आल्यावर मला सगळं सांगा. मग मी डोळे मिटायला मोकळा."

"वा बाबा, काय कल्पना आहे!" दादा म्हणाला. त्याचा धंदाच बोलण्याचा. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, हे तो कंपन्यांतल्या लोकांना शिकवतो आणि त्याचे पैसे घेतो. निघताना तो दारात वाकून बुटाचे बंद बांधत होता, तेव्हा मी विचारलं, "मग रविवारी? उजाडताना, पुलावर?" तो उठला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बरं, येतो."

आतून बाबांनी ऐकलं. "येतो म्हणाला ना रे?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

खरं सांगायचं तर मलाही हवं होतं. दिवसभर शेजारून सायकल चालवणारा भाऊ हवा होता, आणि संध्याकाळी बाबांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, शाब्बास हवं होतं. म्हातारं व्हायला आलं तरी माणसाची ही हाव सुटत नाही.

दादाचा फोन बंद लागत होता. गाडीवर सायकल टाकून यायचं म्हणजे उशीर होणार, मी स्वतःला समजावलं. मग समजावलं की तो आता मधेच कुठेतरी गाठेल, नाहीतर पुढेच जाऊन थांबला असेल. पुढे जाणं हा त्याचा जुना छंद. शेवटी ऊन कठड्यावर चढलं आणि मी पॅडल मारलं.

सकाळचा रस्ता सोपा. नदी डाव्या हाताला, संथ, गढूळ, आपल्याच नादात. पाणी खेचणारं पंपघर, वाळू उपसणाऱ्या होड्या, मग एका कारखान्याची न संपणारी भिंत आणि तिच्या पायथ्याशी नाक दाबायला लावणारा नाला. प्रत्येक वळणावर मी पुढे बघत होतो. लांब एखादी सायकल दिसली की जोर लावायचो, जवळ जावं तर कोणीतरी परका माणूस गवताचा भारा घेऊन चाललेला. दुपारी वारा उलटा फिरला. समोरून वारा आणि खाली जुनी सीट, माणसाला आपल्या वयाचा हिशोब तिथे कळतो. त्यात मागचं चाक पंक्चर झालं. रस्त्याकडेला बसून मी ट्यूब काढली, डबक्यात बुडवून बुडबुडे शोधले, ठिगळ लावलं. दुकानात केसाएवढा ओरखडा मला भिंगावर दिसतो, पण टायरमधला काटा काही दिसला नाही. त्यानं बोटात शिरूनच ओळख दिली.

तेवढ्यात घरून फोन आला. "अहो, बाबा सकाळपासून विचारतायत," बायको म्हणाली. "त्यांच्याकडेच देते." मी नको म्हणायच्या आत तिनं फोन त्यांच्या कानाला लावलासुद्धा.

"शेपट्या, कुठपर्यंत आलात? दादा कुठे आहे?"

बोटातून रक्त येत होतं, तोंडात धूळ होती. आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की खरं बोलण्याची माझी हिंमत झाली नाही.

"दादा पुढे आहे," मी म्हणालो.

"तो पुढेच असणार," बाबा म्हणाले आणि समाधानानं हसले. माझ्या पायात गोळे आलेत का, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढे रडकी चढण लागली. हे नावही बाबांनीच ठेवलेलं. तिथे नदी कड्याला वळसा घालते आणि रस्त्याला कडा चढून जावं लागतं. लहानपणी मी दर वेळी त्या चढणीवर उतरायचो आणि रडत सायकल ढकलायचो. दादा वर पोचून घंटी वाजवत बसायचा आणि बाबा त्याच्या शेजारी उभे राहून हसायचे. आज मी खालीच थांबलो, पाणी प्यायलो, चष्मा पुसला आणि ठरवलं, उतरायचं नाही. अर्ध्यावर छाती फुटेल असं वाटलं. सायकल इतकी हळू चालली होती की रस्त्यावरच्या मुंग्या पुढे जाव्यात. स्वतःला, दादाला, नदीला, सायकल बनवणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. पण पाय जमिनीला लावला नाही.

वर कोणी नव्हतं. एक दगड होता आणि खाली नदी. मी घंटी वाजवली, एकट्यानंच, वेड्यासारखी, बराच वेळ. मला रडू आलं. त्या चढणीवर मी पुन्हा रडलोच म्हणायचं, पण या वेळी माथ्यावर. बाबांना हे कसं सांगायचं, ते मी उतारभर मनात जुळवत गेलो. दादा भेटो न भेटो, एवढी एक गोष्ट माझी होती.

दिवेलागणीला समुद्र लागला आणि मी दादाच्या इमारतीखाली पोचलो. सायकल लिफ्टमध्ये मावेना म्हणून खाली खांबाला बांधली. दार दादानंच उघडलं. अर्धी चड्डी, हातात टीव्हीचा रिमोट. मागे दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याची महागडी सायकल फोटोसारखी टांगलेली, हँडलवरची दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून काढलेली नाही.

"अरे शेपूट! इकडे कसा?"

"सायकलनं."

"घरून?"

"आज रविवार आहे, दादा. पुलावर येतो म्हणाला होतास."

तो क्षणभर खरोखरच आठवू लागला. मग खो खो हसला. "अरे वेड्या! निघताना माणूस ‘येतो’ नाही म्हणणार तर काय ‘जातो’ म्हणणार? मला वाटलं, तू आपलं बाबांना बरं वाटावं म्हणून विचारतोयस."

"तुझा फोन..."

"रविवारी बंद ठेवतो. डोकं शांत राहतं. तूही ठेवत जा."

वहिनींनी पाणी आणून दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळेपण होतं. पेला तोंडाला लावतो तोच माझा फोन वाजला. बाबा. मी फोनकडे नुसता बघत राहिलो. दादानं तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

"हो बाबा! पोचलो! दोघंही! काय सांगू, मजा आली," तो सोफ्यावर बसत म्हणाला. "नदी? नदी तशीच आहे हो. वारा होता थोडा... रडकी चढण?" त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला. "तिथे काय होणार, नेहमीचंच! मी वर जाऊन घंटी वाजवत बसलो आणि आपलं शेपूट खालून सायकल ढकलत, नाक ओढत येतंय!"

फोनमधून बाबांचं हसणं मला उभ्या जागी ऐकू आलं. घशात खोकला अडकेपर्यंत ते हसत होते. घरी महिनोन्‌महिने मी त्यांना भरवतोय, पुसतोय, पेपर वाचून दाखवतोय, पण असं हसलेले पाहिले नव्हते. मला ओरडावंसं वाटलं की मी उतरलो नाही, बाबा, एकदासुद्धा नाही. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. ‘दादा पुढे आहे’ ही थाप मारली कोणी? मीच. दादानं फक्त ती पुढे चालवली, आणि माझ्यापेक्षा छान चालवली.

त्यानं फोन मला परत दिला.

"शेपट्या," बाबा धापा टाकत म्हणाले, "दादा होता म्हणून पोचलास हो. एकट्याचं तुझं काम नव्हतं ते."

"हो बाबा," मी म्हणालो.

दादा राहा म्हणाला, वहिनी जेवून जा म्हणाल्या. मी थांबलो नाही. टपावर सायकल घेणारी शेवटची बस गाठायची होती. दारात बूट घालून मी म्हणालो, "जातो."

"असं म्हणू नये, भावजी," वहिनी चटकन म्हणाल्या. "येतो म्हणावं."

"जातो," मी पुन्हा म्हणालो. दादानं ऐकलं नसावं. तो टीव्हीचा आवाज वाढवत होता.

याला आता बरेच दिवस झाले. रोज सकाळी मी बाबांना कुशीवर वळवतो, पाठ पुसतो, उशी लावून बसवतो, आणि ते म्हणतात, "ती चढणीची गोष्ट सांग." मी सांगतो. दादा वरून घंटी वाजवतोय, मी खालून ढकलतोय, रडतोय. कुठे थांबायचं, कुठे नाक ओढायचं, ते मला आता छान जमतं. बाबा पोटभर हसतात. मग त्यांना दम लागतो, मी पाणी पाजतो, आणि ओठ पुसून घेताना ते नेहमीचं विचारतात.

"पुन्हा कधी यायचंय म्हणाला रे दादा?"

"येतो म्हणालाय," मी सांगतो.