जास्तीचे विषय

कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा आईनं अख्ख्या गल्लीला मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले वाटले. त्याआधी कितीतरी वर्षं मी दिवसा पीचच्या पेट्या भरल्या आणि संध्याकाळी वर्गात बसले. नर्सिंगच्या जागा मोजक्या, म्हणून लागेल तो आणि न लागेल तोही विषय करून ठेवला. कुठं कमी पडायला नको.

आज मुख्य विषय नोंदवायला गेले. सल्लागार बाई संगणकात बघत म्हणाल्या, "डेल्फिना, तुझी क्रेडिट्स फार झालीत गं. इतकी घेऊन आलेल्यांना नर्सिंग देत नाहीत."

"म्हणजे जास्त शिकले, हा माझा गुन्हा?"

"नियम आहे. मी तरी काय करू?"

"मग थोडे विषय पुसून टाका! शिकलेच नाही समजा."

"पास झालेले पुसता येत नाहीत. नापास झाली असतीस, तर मोजलेच नसते."

"मग मला काय मिळेल?"

"सामान्य अभ्यास. तिथं जागाच जागा आहे."

कपाळ माझं! तेवढंच नोंदवून घरी आले. दारात आई शेजारणीला सांगत होती, "माझ्या पोरीनं एक विषय म्हणून सोडला नाही, बघ."