गोटूची वाटी

डोळे मिटा बरं थोडा वेळ. केळीच्या बागांत दडलेलं फोपनार गाव डोळ्यांपुढे आणा. साल १९५६, नागपूरचं राज्य सुटून गाव नुकतंच भोपाळकडे गेलं आहे. थंडीचे दिवस, दिवेलागणीची वेळ. एका घराच्या मागच्या ओट्यावर पितळेची वाटी आहे, वाटीत साखर घातलेलं दूध. आसपास कोणी नाही. दिसलं?

ती वाटी गोटूची. गोटू तापाने गेला, तेव्हापासून त्याची माय सरुबाई रोज तिथे दूध ठेवी आणि दार लावून घेई. "कोणी पाहू नका," ती म्हणे, "पाहिलं तर येत नाही तो." सकाळी वाटी लख्ख असे, आणि मगच सरुबाई चार घास खाई. वाटी भरलेली राहिली तर ती अन्नाला शिवणार नाही, हे गोटूची बहीण अलका पक्कं ओळखून होती.

इकडे गोटूचा कुत्रा भुऱ्या वाळत चालला होता. हगवण थांबेना, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा झालेल्या.

शेजारचे यादवकाका अलकाच्या वडिलांना म्हणाले, "दगा, दूध-तूप चारता का काय याले? कुत्र्याले ते पचत नाही. गावच्या नव्या मुकादमाले खुर्ची पचते का? तसंच!"

दगा हसले. सरुबाई हसली नाही.

"गोटू बोलावतोय त्याले," ती म्हणाली. "एकट्याले करमत नसंल लेकराले. उद्यापासून दूध वाढवते. मग तरी सोडंल याले."

त्याच संध्याकाळी दार लागताच अलकाने फटीला डोळा लावला. केळीची पानं सळसळली. अंधारातून भुऱ्या आला. आधी रिकाम्या ओट्याकडे पाहून त्याने शेपूट हलवलं, गोटू यायचा तेव्हा हलवायचा तसंच. मग तो दूध प्यायला.

पिल्लाला आईचं दूध पचतं. मोठेपणी बऱ्याच कुत्र्यांच्या पोटाची ती ताकद जाते. ताकाचा घोट एखाद्याला सोसतो, पण रोजचं वाटीभर दूध पोट धुऊन काढतं. अलकाला एवढं कुठलं माहीत असायला? तिला काकांचं बोलणं आठवलं, आणि दूध वाढलं तर भुऱ्या मरेल एवढं कळलं. मायला सांगावं, तर गोटू दुसऱ्यांदा जाणार. न सांगावं, तर भुऱ्या जाणार.

"काय पाहते वं तिकडे?" आतून सरुबाईने विचारलं.

"काही नाही, माय."

पुढच्या संध्याकाळी सरुबाईने मोठी वाटी भरून ठेवली आणि चुलीपाशी गेली. अलकाने भुऱ्याला गोठ्यात बांधलं, त्याच्यापुढे भाकरीचा कुस्करा ठेवला आणि ओट्यावर येऊन बसली. शेजारची जागा उगीच उबदार वाटत होती. तिकडे वळून पाहायचा तिला धीर झाला नाही.

"तुझ्या भुऱ्यासाठी पिते, गोटू," ती हळूच म्हणाली. "रागावू नको."

मग तिने दोन्ही हातांनी वाटी उचलली आणि तळ दिसेपर्यंत दूध पिऊन टाकलं.