आपली गाडी किती वाजता आहे?

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दिसायला ठोकळा, पण आवाज खणखणीत. मित्रांनो, सरांच्या पुढच्या खोलीत परभाषेचा वर्ग भरायचा, तो माझ्या जिवावर. मी एक वाक्य म्हणायचो आणि थांबायचो. तेवढ्यात मुलांनी ते म्हणायचं. सर स्वतःही माझ्याकडूनच शिकलेले. "हा माझा गुरू!" म्हणत ते मला थोपटायचे आणि मी फुगून बसायचो. पुढे मोबाइल आले नि माझी रवानगी कपाटावर झाली.

सरांनी मात्र त्याच कॅसेटवर जन्म काढला. त्यांना सून मिळाली ती नेमकी त्या भाषेतली. पण ती मराठी इतकी चुरूचुरू बोलायची, की सरांचं पितळ कधी उघडं पडलंच नाही.

मग विहीणबाई महिनाभर राहायला आल्या. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही. आईला बोलायला कुणीतरी हवं."

"अगं, माझं आयुष्य गेलं त्या भाषेत!"

विहीणबाई समोर बसल्या. सरांनी खाकरून त्यांच्या भाषेत पहिला धडा काढला, "आपलं स्वागत आहे." आणि थांबले. माझीच सवय! बाई गोंधळल्या, पण भिडेखातर म्हणाल्या, "आपलं स्वागत आहे."

"शाब्बास!" म्हणून सर दुसऱ्या धड्यावर गेले, "आपली गाडी किती वाजता आहे?"

चहाला हाच प्रश्न, जेवतानाही हाच. आठवडा व्हायच्या आत बाईंनी बॅग भरली. लेकीला म्हणाल्या, "यांना मी नकोशी झालेय गं. रोज गाडीची वेळ विचारतात." सुनेने रडवेली होऊन ते सरांना सांगितलं. मला कपाटावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकवण माझीच ना!

 सर उठले आणि बाईंच्या भाषेत अडखळत, माझ्या कुठल्याच धड्यात नसलेलं वाक्य बोलले, "मला येत नाही. तुम्ही... शिकवणार?"

बाई खळखळून हसल्या. बॅग तिथेच टाकून त्यांनी सरांना स्वयंपाकघरात नेलं आणि हातात झारा दिला. त्यांनी शिकवलेला पहिला शब्द तोच.

आता वर्गात एखाद्या मुलाने अडचणीचं विचारलं, की सर म्हणतात, "थांब हं, विहीणबाईंना विचारून येतो." मुलं खूश, विहीणबाई त्याहून खूश. त्यांचा महिना कधीच उलटून गेला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण एक सांगतो. माझं बोलायचं बटण दाबून दाबून झिजलं. शेजारीच एक लाल बटण आहे, दुसऱ्याचं ऐकून साठवून घ्यायचं. ते अजून कोरं करकरीत आहे. तुमचं तसं होऊ देऊ नका.