फोटोंखाली दडलेलं लग्न

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी आहेत, पण ओट्यावर कालची खरकटी भांडी तशीच पसरलेली. पोळी लाटणार कुठे? संगणकाची रॅम म्हणजे असाच ओटा, आणि साठवलेल्या फाईली असतात कपाटात. कपाटातलं सामान फेकून ओटा मोकळा होत नाही. एवढं ध्यानात ठेवा आणि चला बदनापूरला, बबलूच्या फोटो स्टुडिओत.

पाच वाजता विहारात ज्योत्स्नाचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीचा विधी, होता. पडद्यावर तिचे फोटो दाखवायचे आणि शेवटी तिचा व्हिडिओ. दवाखान्यात जायच्या आधी ती लेकीशी, अक्षताशी, चार मिनिटं बोलली होती. आईचा आवाज तेवढाच उरला होता. सातवीतली अक्षता तो रोज ऐकायची.

तीन वाजले तरी संगणक अडून बसलेला. रॅम शहाण्णव टक्के. माउस हलवला की चित्र गोठायचं.

कारण अक्षताला दिसत होतं. बबलूने एका लग्नाचीच फाईल घेऊन तिच्यावर आईचे फोटो चिकटवले होते. खालच्या थरांत हळद, वरात, गळणाऱ्या गुलाबपाकळ्या, सगळं चालूच होतं. शाळेत भागवत सर सांगायचे, आधी कोण खातंय ते बघा, मग एकेक बंद करा; मूळ फाईलीला हात लावू नका.

"दादा, खालचं लग्न बंद करा ना. त्येच खाऊन राह्यलं सगळं."

"ओ म्याडम, तुमच्या जन्माआधीपासून लग्नं करून राह्यलो मी! सूरजभाऊ, पुतणी इंजिनेर हाय काय?"

सूरजकाका हसला. "गप गं. मायसारखीच मधी मधी बोलती."

बबलूने सगळ्यात मोठी फाईल शोधली. "ह्यो व्हिडिओच काढतो. चार मिन्टं रडका आवाज कोण ऐकतंय?"

"काका, न्हाई म्हणा ना!"

"काढ रे. जल्दी कर."

बबलूने व्हिडिओ कायमचा पुसला.

"आईच्या मोबाईलच्या कार्डात असंल ना?" अक्षताने विचारलं.

"कॉपी कशाला करायची? आपण कट करूनच घेतो. कार्ड कोरं झालं."

आकडा शहाण्णवच राहिला. दोघं वैतागून चहाला गेले.

अक्षता खुर्चीवर बसली. प्रत्येक थरापुढे डोळ्याचं चिन्ह होतं. एकेक डोळा तिने मिटला. हळद गेली, वरात गेली, पाकळ्या गेल्या. आकडा चौतीसवर आला. फोटो सरसर धावले. शेवटी आईच्या जागी चार मिनिटं काळा पडदा.

बबलू परतला आणि आकडा बघून त्याने मांडीवर थाप मारली. "बघा सूरजभाऊ! हिची माय काढली, आन कसं हलकं झालं!"

"शिकलीस का काही?" काकाने तिच्या डोक्यात टपली मारली.

अक्षताने एकेक डोळा परत उघडला. पाकळ्या, वरात, हळद. आकडा चढत शहाण्णववर गेला आणि आईचा फोटो अर्ध्यातच गोठला. मग ती उठली आणि खुर्ची बबलूकडे ढकलली.

"बसा दादा. आता अजून कोणाला काढता, काढा."