देल्फिनाची लाइन

चिलीतल्या चिलोए बेटावरच्या त्या गावात फायबरची नवी लाइन आली आणि देल्फिनाचं बोलणंच बंद झालं. ती जन्मापासून बहिरी, पण हातांनी भरभरून बोलायची. सगळ्यांत जास्त दूर दक्षिणेला पुंता अरेनास शहरात राहणाऱ्या बहिणीशी, ओतिलियाशी, व्हिडिओ कॉलवर. तीही बहिरीच. जुन्या लाइनवर चित्र पुसट का होईना, यायचं. आता ओतिलियाने हात उचलला की तो हवेतच थिजायचा. त्यातच ओतिलियाचं पोटाचं ऑपरेशन झालं. सगळं ठीक असल्याचं भाच्याने कळवलं होतं. पण देल्फिनाला ते बहिणीच्या हातांकडूनच हवं होतं.

तक्रार केली की कंपनीचा माणूस येऊन तारेतल्या प्रकाशाचा जोर वाढवून द्यायचा. चित्र आणखी बिघडायचं. या वेळी कंपनीकडून यास्ना आली. मीटरवरचा आकडा पाहून तिने खिडकीबाहेर बघितलं. जिथून हा प्रकाश निघतो ती एक्स्चेंजची खोली कुंपणाला लागूनच होती.

"काका, प्रकाश कमी नाही, फार येतोय. तुमच्या या मोडेमच्या डब्याचे डोळे दिपलेत."

"या बेटावर?" देल्फिनाचा नवरा बेलार्मिनो म्हणाला. "पोरी, इथे उजेड जास्त झाल्याची तक्रार आजवर कुणी केली नाही."

खात्री करायला यास्नाने तार पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळली. अशा वळणावर थोडा प्रकाश गळून जातो. पडद्यावरचा थिजलेला हात हलला. ओतिलिया उशांना टेकून बसली होती, वाळलेली, पण हात सपासप चालत होते.

प्रकाश कमी करणारा छोटा जोड यास्नाच्या पिशवीत होता. तो बसवायचा तर लाइन काढावी लागणार, म्हणजे बोलणं तुटणार. तिने देल्फिनाच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन्सिल हातात धरून तशीच जमिनीवर बसून राहिली. पुढच्या घरी उशीर होईल असा निरोप बेलार्मिनोला फोनवरून द्यायला लावला.

त्याने तिच्या मोकळ्या हातात बटाट्याची गरम मिल्काओ दिली आणि पडद्याकडे पाठ करून चुलीशी बसला.

"काय म्हणतायत त्या?" यास्नाने विचारलं.

"मी बघत नाही. बहिणींचं बोलणं बघायचं नाही, असं लग्नातच ठरलंय आमचं."

तेवढ्यात देल्फिना हसता हसता रडायला लागली. तिचा आवाज ऐकूनही म्हातारा वळला नाही. फक्त चुलीत आणखी एक लाकूड सारलं. यास्नाने मुंग्या आलेला पाय हळूच लांब केला. पेन्सिल हलू दिली नाही.