डोहाळजेवणातली लाली

राजपुऱ्यातल्या आशाबाईंच्या घरी सुनेच्या डोहाळजेवणाची गडबड चालली होती. ज्योत्स्ना हिरव्या साडीत पाटावर बसली होती आणि बाया कौतुक करताना थकत नव्हत्या. गाल कसे लाल झालेत, पोटुशीचं तेज म्हणतात ते हेच! मुलगा की मुलगी, यावर मावा जिलेबीची पैजही लागली.

हा दिवस सहज आला नव्हता. ज्योत्स्नाला ल्यूपस आहे. शरीराची राखण करणारी ताकद शरीरावरच उलटते, असा हा आजार. डॉक्टरांनी आधी तो शांत केला, बाळाला न चालणारी औषधं बदलली, मगच मूल होण्यासाठीची ट्रीटमेंट सुरू केली. एक गोळी मात्र दिवस राहिल्यावरही सोडायची नाही, असं बजावलं होतं.

पण दिवस राहिले आणि जो तो सांगू लागला, पोटुशीनं गरम दवाई खाऊ नये. आशाबाईंना ते पटलं. इतक्या खटपटीनं आलेलं बाळ, त्याला काही झालं तर? ज्योत्स्ना बी.एस्सी. झालेली, पण भीतीपुढे तिनंही मान तुकवली. नवऱ्याला, रितेशला, न सांगता तिनं गोळी बंद केली.

धूलकोटहून आलेल्या चुलत सासूबाई, मालूबाई, तिला बांगड्या भरायला बसल्या. नेहमीच्याच मापाची बांगडी, पण बोटांच्या सांध्यांवर अडकली. त्यांनी सुजलेली बोटं पाहिली, गाल पाहिले आणि हळूच विचारलं, आजार पहिल्यांदा आला तेव्हा असंच झालं होतं ना? ज्योत्स्नानं रडत सगळं सांगितलं.

"माई, मीच बंद कर म्हटलं," आशाबाई मालूबाईंना म्हणाल्या. "बाळासाठीच ना."

"आशा, केळीला घड आला की आपण टेका लावतो का काढतो?"

"लावतो. नाही तर झाड घडासकट आडवं होईल."

"मग सुनेचा टेका का काढला, बाई?"

आशाबाईंनी ज्योत्स्नाची सुजलेली बोटं हातात घेतली.

"म्हणजे ते तेज नव्हतंच?" एक शेजारीण म्हणाली.

"तेजाचं मग बघू," मालूबाई म्हणाल्या. "रितेश, गाडी काढ."

दवाखान्यात तपासण्या झाल्या. आजार नुकताच डोकं वर काढत होता, गालांची लाली त्याचीच होती. बाळ सुखरूप होतं. डॉक्टर चांगलेच रागावले. धोका या गोळीचा नाही, उसळलेल्या आजाराचा आहे, असं त्यांनी सासूसुनेला समोर बसवून समजावलं.

घरी आल्यावर आशाबाईंनीच गोळी आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. "घे बेटा. कोणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव."

पुढे ज्योत्स्नाला मुलगी झाली. जरा लवकर आली, पण रडणं असं खणखणीत की शेजारणी पैज विसरून धावत आल्या.

मैत्रिणींनो, पोटातल्या बाळाची काळजी आपण सगळेच करतो. ते बाळ आईच्या जिवावर वाढतं, एवढं ध्यानात ठेवा. गर्भारपणात कुठलंही औषध सुरू करायचं की सोडायचं, ते डॉक्टरांना विचारा. शेजारणीकडून आशीर्वाद घ्या, जिलेबी घ्या. सल्ला मात्र दवाखान्यातूनच आणा.