घट्ट झाकणाची बरणी

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा बेकरीवाला पीठ मळत होता. हात न धुताच तो धावला. परत आल्यावर त्याने एकच काम केलं. तिच्या खमिराच्या बरणीचं झाकण सगळा जोर लावून आवळलं. तिचं एवढं तरी आत राहावं, उडून जाऊ नये. मग शटर ओढलं आणि घरात बसून राहिला.

हे खमीर तिने लग्नाच्या वर्षीच पीठ-पाणी कालवून धरलं होतं. बेकरीतला प्रत्येक पाव त्याच्याच जोरावर फुगायचा.

बरेच दिवस शटर उघडेना, तेव्हा मेहुणी आली. शाळेत विज्ञान शिकवायची, तोंडाने फटकळ. तिने झाकण फिरवताच बरणी फस्सकन फुसफुसली आणि दारूसारखा वास नाकाला झोंबला. वर काळपट पाणी, खाली राखाडी गाळ.

"मेलं," बेकरीवाला म्हणाला. "आता बेकरी विकून टाकतो. पुडीतल्या यीस्टचा पाव मी करणार नाही."

"तुम्ही डॉक्टर कधी झालात, भावोजी? आधी तपासू तरी द्या!"

तिने शाळेतून दोन बाटल्या आणल्या. दोन्हींत कोमट साखरपाणी. एकीत चमचाभर खमीर जसंच्या तसं, दुसरीत चांगलं उकळून मारलेलं. पहिलीच्या तोंडाला लाल फुगा, दुसरीच्या तोंडाला पांढरा. "जिवंत असेल तर साखर खाऊन गॅस सोडेल, फुगा उभा राहील. उकळलेलं फक्त तुलनेला," ती सांगत होती. पण याचं लक्ष कुठे होतं! स्टूल ओढून तो बाटल्यांसमोर बसला आणि मेहुणी चहा टाकायला आत गेली.

चहा, मग स्वयंपाक उरकून ती दोन-तीन तासांनी परतली तेव्हा तो डोळे पुसत होता.

"बघ. ढिम्म हलला नाही."

त्याची नजर पांढऱ्या फुग्यावर होती.

"अहो, ती उकळलेली बाटली! मेलेल्याकडे काय टक लावून बसलात? इकडे बघा की!" बोलून गेली आणि तिने जीभ चावली. बहीण तिचीही गेली होती.

त्याने मान वळवली. लाल फुगा चांगला ताठ उभा होता, गाल फुगवलेल्या पोरासारखा. मेहुणीने त्यातली हवा शाळेतूनच आणलेल्या चुन्याच्या निवळीत सोडली. निवळी दुधासारखी पांढरी झाली.

"हा त्याचा श्वास. आता बोला!"

बेकरीवाल्याचा जीव भांड्यात पडला. "मग असं मरगळलं कशाने?"

"तुम्हीच कोंडलंत. हवा नसली की ते साखरेची दारू करून कसंबसं तगतं आणि शेवटी त्याच दारूत गुंगतं. हवा मिळाली की पोटभर ताकद येते, वाढायला लागतं. ताई रोज झाकण काढून घुसळायची ना?"

घुसळायची. आणि हा रोज चिडवायचा, "किती घुसळतेस? लोणी निघणार आहे का?"

दुसऱ्या सकाळी त्याने काळं पाणी ओतून टाकलं, ताजं पीठ घातलं आणि तो रोज लाकडी चमच्याने घुसळायला लागला. दंड भरून येईपर्यंत. खमीर आधी नुसतं बुडबुडलं, मग चढायला लागलं, आणि एका सकाळी बरणीबाहेर येऊन ओट्यावर सांडलं. तो एकटाच खदखदून हसला. ओटा पुसायचा सोडून त्याने आधी मेहुणीला फोन केला. "ये, तुझा पेशंट घर सोडून पळतोय!"

शटर वर गेलं. भट्टीतून पाव निघाले ते टम्म फुगलेले, तांबूस, हाताला हलके. वासावर गल्ली गोळा झाली. समोरचा शिंपी कापड तसंच मशीनवर टाकून आला. त्याने पाव मोडला, चावला, डोळे मिटले.

"वहिनींचाच!" तो म्हणाला. मग उरलेला अर्धा उलटून-पालटून पाहिला. "पण वरची पानाची नक्षी कुठेय?"

"शिकतोय," बेकरीवाला म्हणाला.

भट्टीत घालण्याआधी ती पात्याने प्रत्येक पावावर पान काढायची. ते त्याला अजून जमलेलं नाही.